गाडीचे दात कोण मोजणार?

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास नाचणगावहून बाईचा फोन आला. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या भागात थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. एरवी ती फोनवर आधी हवापाण्याचे बोलते, मग नातवंडांचे, आणि फोन ठेवता ठेवता कामाचे. त्या दिवशी तिने सरळ विषयच काढला.

"भाऊ, एक गाडी पाह्यजे. जुनीच. मले त्यातलं काही समजत नाही. तू पाह्य अन् घेऊन दे. रस्त्यात बंद पडाले नाही पाह्यजे, बस."

नाचणगाव हे वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातले, पुलगावला लागून असलेले मोठे गाव. पुलगाव म्हटले की बाहेरच्यांना लष्कराचा दारूगोळा डेपो आठवतो. जुन्या माणसांना कापडगिरणी आणि आर्वीला जाणारी छोटी रेल्वे आठवते. भाऊजींची सारी हयात नाचणगावच्या शेतात कापूस आणि तूर पिकवण्यात गेली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि मंगळवार, शुक्रवार असे आठवड्यातून दोन दिवस डायलिसिस सुरू झाले. त्यासाठी सेवाग्रामला जायचे. जायला चाळीसेक किलोमीटर, यायला तितकेच, आणि मध्ये चार तास यंत्राला जोडून पडून राहायचे.

सुरुवातीला पुलगावहून रेल्वेने वर्धा आणि तिथून ऑटोने सेवाग्राम असा प्रवास त्यांनी करून पाहिला. जाताना जमे. येताना जमेना. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. रक्तदाब खाली येतो, पोटऱ्यांत गोळे येतात. अशा अवस्थेत फलाटावर उभे राहणे शक्य नव्हते. मग भाड्याची गाडी सुरू झाली. दिवसभराचे अठराशे रुपये. त्या गाडीनेही मार्चमध्ये एकदा भर उन्हात अर्ध्या वाटेत दम सोडला. दुसरी गाडी येईपर्यंत बाई तासभर भाऊजींच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. तिचा तो फोन त्यानंतरचा होता.

मी नोकरीभर बँकेत होतो. सवयीने कागद घेतला आणि हिशेब मांडला. महिन्याला आठ फेऱ्या म्हणजे भाड्याचे चौदा हजार चारशे. स्वतःची छोटी पेट्रोल गाडी असेल, तर फेरीला पाच लिटर धरा. पेट्रोल तेव्हा शंभरीच्या वर होते, म्हणजे पाचशे-सव्वापाचशे. दुरुस्ती, विमा सगळे जमेस धरून दोन-सव्वादोन लाखांची गाडी दोन वर्षांत आपली किंमत वसूल करत होती. हिशेब बरोबर होता. पण तो दोन वर्षांचा आहे हे लक्षात आल्यावर मी तो कागद फाडून टाकला. बाईसमोर मांडण्यासारखा हिशेब नव्हता तो.

गाडी चालवणार होता भाचा. तिशीचा मुलगा, पुलगावला दुकान आहे त्याचे. त्याच्या डोळ्यांसमोर उंच, रुंद, पांढरीशुभ्र, डिझेलवर चालणारी गाडी होती. "मामाजी, येवढ्याच पैशात मोठी गाडी येते," असे त्याचे म्हणणे. ते खोटेही नव्हते. जुन्या बाजारात दोन लाखांत छोटी गाडी बऱ्या स्थितीत मिळते आणि त्याच दोन लाखांत मोठी गाडी वाईट स्थितीत मिळते. मोठ्या गाडीची किंमत खाली येते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत खाली येत नाही. दहा लाखांच्या गाडीचा इंजेक्टर दहा लाखांच्या गाडीचाच असतो; ती तुम्हाला दोन लाखांत पडली याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

भाऊजी खाटेवर पडल्या पडल्या आमचे ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "मले बसता-उतरता आलं म्हणजे झालं. गाडी लोकायले दाखवाची नाही." मला वाटते, त्या घरात गाडीविषयी नेमके बोलणारे ते एकटेच होते. ज्याच्या पोटऱ्यांत गोळे आलेले आहेत त्याला खाली वाकून बसायची गाडी चालत नाही आणि पाय उचलून चढायची गाडीही चालत नाही. आसन ढोपराच्या वर, कमरेच्या खाली हवे. शिवाय तिचा भाग पुलगावात किंवा फार तर वर्ध्यात त्याच दिवशी मिळायला हवा. म्हणजे गाडी छोटी, उंच छताची, पेट्रोलवर चालणारी आणि रस्त्यावर भरपूर दिसणारी. एवढे ठरले तरी निम्मे काम झाले. जुनी गाडी पाहायला निघण्याआधी ती कोणासाठी आणि कशासाठी, हे घरात बसून ठरवले नाही, तर बाजारात गेल्यावर ते दलाल ठरवतो.

उरलेले निम्मे काम मात्र अवघड होते. आपल्याला मिळणारी गाडी चांगली आहे, हे ओळखायचे कसे?

मला वडिलांची आठवण झाली. वर्धा जिल्हा हा गवळाऊ बैलांचा मुलूख. आर्वी, आष्टी, कारंजा या बाजूची ही जात; पांढरी, हलक्या अंगाची आणि चालीला वेगवान. वडिलांना बैलांची पारख होती. गावातले लोक त्यांना आपल्याबरोबर बाजारात नेत. मीही लहानपणी त्यांच्या मागे मागे गेलो आहे. बैलाच्या खालच्या जबड्यात समोर आठ दात. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. म्हणून बैल दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला. पाच वर्षांपर्यंतचे वय असे तोंडात लिहिलेले असते. त्यापुढे नुसता अंदाज, आणि फसवणूक नेमकी तिथून सुरू होते.

वडील दात पाहत, पण दातांवर थांबत नसत. बैल चालवून पाहत, मग जुंपून पाहत, कारण काही बैल मोकळे असताना राजबिंडे दिसतात आणि जू मानेवर आले की खाली बसतात. आणि सौदा मोठा असेल तर म्हणत, रात्री तुमच्याच दावणीला राहू द्या, मी सकाळी येतो. सकाळी बैल कसा उठतो ते त्यांना पाहायचे असे. दिवसभर चालून अंग मोकळे झालेल्या बैलाचा लंगडेपणा लपतो. रात्रभर बसून सकाळी उठणाऱ्या बैलाचा लपत नाही.

भाव उपरण्याखाली बोटे दाबून ठरत, तो चारचौघांना कळत नसे. पण बैलाची खोड मात्र उघड सांगावी लागे. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. खोड लपवून विकणाऱ्याला पुढच्या बाजारी त्याच झाडाखाली उभे राहायचे असे आणि घेणाराही तिथेच येणार असे. ही भीती म्हणा, लाज म्हणा, तीच त्या बाजाराची हमी होती.

मोटारींच्या बाजारात ते झाड नाही. विकणारा नागपूरचा, घेणारा नाचणगावचा, मधला दलाल तिसऱ्याच गावचा. पुन्हा गाठ पडायचे कारण नाही. या गोष्टीवर एका अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने तेरा पानांचा एक निबंध लिहिला आणि पुढे त्याला नोबेल मिळाले. त्याचे नाव जॉर्ज अकरलॉफ. अमेरिकेत फसव्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. अकरलॉफचे म्हणणे असे : जुन्या गाडीत काय दडले आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो गाडी विकायला काढतच नाही. बाजारात लिंबे उरतात. मग भाव आणखी पडतो आणि उरल्यासुरल्या बऱ्या गाड्याही निघून जातात. तीन नियतकालिकांनी नाकारलेला हा निबंध १९७० मध्ये छापला गेला आणि २००१ मध्ये अकरलॉफना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७-६८ चे वर्ष अकरलॉफनी दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काढले होते, आणि त्या निबंधात आपल्याकडच्या खेड्यातल्या सावकाराचाही उल्लेख आहे. बाहेरचा माणूस खेड्यात स्वस्तात कर्ज देऊ शकत नाही, कारण कोण परत करील हे त्याला कळत नाही, सावकाराला कळते. बँकेत उमेदवारी करत असताना हे कोणी सांगितले असते, तर बरे झाले असते!

तर आता आम्हीच त्या लिंबांच्या बाजारात उतरलो होतो. मी, भाचा आणि पुलगावचे एक मिस्त्री. मिस्त्रींचे गॅरेज साधेच. पण गाडी विकत घेऊन देण्याचे ते दलाली घेत नाहीत, पाहण्याचे पाचशे रुपये घेतात. ही बाब मला फार महत्त्वाची वाटली. गाडी घेतली गेली तरच ज्याला पैसे मिळणार, तो माणूस 'घेऊ नका' हे दोन शब्द उच्चारायला कचरतो.

पहिली गाडी भाच्यानेच शोधली. दिल्लीची. रंग चकचकीत, गाद्या मखमली, आणि भाव इथल्यापेक्षा साठ-सत्तर हजारांनी कमी. हा स्वस्तपणा कोठून येतो, हे उघड आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहने चालवू नयेत असा आदेश दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. तेव्हापासून वय होत आलेल्या गाड्या तिथून देशभर जाऊ लागल्या. त्या सगळ्याच वाईट असतात असे मुळीच नाही. पण परराज्यातली गाडी आणायची, तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, इथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. ही बेरीज केली तेव्हा साठ-सत्तर हजारांतले फारसे काही उरले नाही. शिवाय गाडी बुटकी होती. भाऊजींना तिच्यात बसवून पाहिले. बसले, पण उठवायला दोघे लागले. भाच्याने आपण होऊन विषय सोडला.

दुसरी गाडी मी शोधली, आणि फसलो मीच. ती नागपूरची होती. उंच छताची, छोटी, अगदी हवी तशी. मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर. आत नव्या गाडीचा वास. दलाल गोड बोलणारा. "काका, उद्यापर्यंत राहणार नाही," असे तो म्हणाला आणि आयुष्यभर इतरांच्या घाईघाईच्या सह्यांवर शेरे मारणाऱ्या मी पाच हजार रुपये इसार देऊन टाकला. मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले.

त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. ते मागच्या आसनावर बसले आणि सीट-बेल्ट ओढू लागले. आपण बेल्ट ओढतो तो छातीपुरता. त्यांनी तो टोकापर्यंत ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेषा होती. त्यांनी नखाने खरवडले.

"साहेब, ही माती कायची?"

मग त्यांनी पुढच्या आसनाखाली हात घालून रुळाचे स्क्रू दाखवले, गंजलेले. डिकीतली गादी उचलून स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बोट फिरवले; बारीक गाळ. आणि मग मला तारीख आठवली. २३ सप्टेंबर २०२३. त्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. घरांसमोर आणि तळघरांत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्यांतली एक सात महिन्यांनी आमच्यासमोर अत्तर लावून उभी होती.

पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, वाळवून चालू करता येते. काही दिवस ती उत्तम चालतेही. पण तारांच्या जोडांत, पेटीबंद संगणकात, बेअरिंगांत शिरलेला ओलावा आपले काम सावकाश करत राहतो. आज दिवा लागत नाही, उद्या काच उतरत नाही, आणि एखाद्या शुक्रवारी दुपारी गाडी सुरूच होत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच पुराचा शिक्का मारतात. तरीही २००५ मधल्या कॅटरिना वादळानंतर बुडालेल्या गाड्या ठिकठिकाणी विकल्या गेल्याच. आपल्या आरसीत तर पुराचा रकानाच नाही. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ज्या गावात असे पाणी शिरते, तिथली गाडी त्यानंतर वर्ष-दोन वर्षे तरी बेल्ट टोकापर्यंत ओढूनच घ्यावी. विम्याच्या जुन्या दाव्यांची चौकशीही विमा कंपनीकडे करता येते. मी ती केली नव्हती.

इसार परत मागितला. अडीच हजार मिळाले. उरलेले अडीच हजार मी शिकवणी समजून सोडून दिले. पण त्या रात्री झोप आली नाही. मिस्त्री एक दिवस उशिरा आले असते, तर ती गाडी घेऊन मोठ्या दिमाखात मीच नाचणगावला गेलो असतो. गाडी निवडली मी असती, आणि रस्त्यात छत्री धरून उभी राहिली असती बाई.

तिसरी गाडी बाजारात नव्हतीच. आर्वीकडच्या एका निवृत्त गुरुजींची होती. मिस्त्रींच्या ओळखीतून कळली. वॅगन-आर, २०१४ ची, एक हजार सीसीचे इंजिन, एकच मालक, एकसष्ट हजार किलोमीटर. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गुरुजींनी गाडी चालवणे सोडले होते. मिस्त्रींनी आदल्या दिवशी फोन करून सांगितले : आम्ही सकाळी सातला येतो, तोवर गाडी सुरू करू नका. हे ऐकताच मला वडिलांची दावण आठवली. गरम इंजिन पुष्कळ आजार झाकते. थंड इंजिन किल्लीबरोबर कसे उठते, खडखडते का, पहिला धूर कसा येतो, यावर मिस्त्रींचा भर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. पांढरा धूर थंडीत क्षणभर चालतो, पण गरम झाल्यावरही येत राहिला, तर रेडिएटरचे पाणी आत जाते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा साका असेल, तरी तोच संशय.

गुरुजींची गाडी एका किल्लीत उठली. मग मिस्त्रींनी दात मोजायला सुरुवात केली. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कंपनीची खूण आणि वर्षाचा संकेत असतो. सगळ्या काचांचा संकेत एकच निघाला, म्हणजे कोणतीही काच फुटून बदललेली नव्हती. टायरच्या बाजूला चार आकडी संख्या असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे; त्यावरून टायर तीन वर्षांचे निघाले, आणि झिजही चारही टायरांची सारखी होती. एकाच कडेने झिजलेला टायर गाडीच्या चाकांचे किंवा सांगाड्याचे काहीतरी बिघडले असल्याचे सांगतो. बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग अखंड होता. पाना लागला की तो रंग उडतो. ब्रेक आणि क्लचच्या पेडलांचे रबर बेताने झिजलेले होते. मीटर मागे फिरवता येते, आताची डिजिटल मीटरेही त्याला अपवाद नाहीत. पण पेडलाचे रबर, स्टिअरिंगची चमक आणि चालकाच्या आसनाची कड मागे फिरवता येत नाहीत. नागपूरच्या गाडीचे अठ्ठावीस हजार किलोमीटरवाले पेडल गुळगुळीत झाले होते, हे तेव्हा मला आठवले. मी ते पाहिले होते. पाहूनही पाहिले नव्हते.

डावे मागचे दार मात्र मिस्त्रींनी लोहचुंबक लावताच बोलले. चुंबक चिकटेना, रंगाखाली लांबी भरलेली. मिस्त्री काही म्हणणार, इतक्यात गुरुजीच म्हणाले, "तिथे बैलगाडीची धुरी लागली होती. २०१८ ची पोळ्याची गर्दी. आणि क्लच आता झिजला आहे बरं का. चढावर जाणवेल तुम्हाला." मिस्त्रींनी हँडब्रेक ओढून, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच हळूहळू सोडला. चांगल्या क्लचने इंजिन तिथल्या तिथे बंद पडायला हवे; ते थोडे घरघरत राहिले, मग बंद पडले. गुरुजींचे म्हणणे खरे होते.

मग गुरुजींनी आतून एक वही आणली. शाळेची, रेघांची. दहा वर्षांत कधी ऑइल बदलले, कोणत्या किलोमीटरला, किती पैसे दिले, बॅटरी कधी घेतली, सगळे त्यांच्या वळणदार अक्षरांत. पावत्या मागे टाचलेल्या. एकसष्ट हजारांचा आकडा तिथे पायरीपायरीने चढलेला दिसत होता. मला बाजारात जे मिळत नव्हते ते हे होते. गाडी निर्दोष असावी असा माझा आग्रह नव्हताच. दहा वर्षांची गाडी निर्दोष कशी असेल? पण तिचे काय काय झाले हे सांगणारे कोणीतरी हवे होते, आणि ते सांगणे गाडीवरच्या खुणांशी जुळायला हवे होते. खोड आपण होऊन सांगणारा माणूस भेटला की उरलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला जागा मिळते. तरीही मिस्त्रींनी गाडी पंधरा किलोमीटर चालवली. विश्वास ठेवला म्हणून जुंपून पाहायचे सोडायचे नसते.

गुरुजींनी दोन लाख पंधरा हजार सांगितले. क्लचचे आणि दाराचे मिळून दहा हजार कमी झाले. उपरण्याखाली बोटे दाबावी लागली नाहीत.

इथून पुढचे काम माझ्या हातचे होते : कागद. 'परिवहन'च्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला, तर कर्जाचा बोजा दिसला. गुरुजी चकित. कर्ज त्यांनी २०१९ मध्येच फेडले होते, बँकेचे ना हरकत पत्रही कपाटात होते. पण ते परिवहन कार्यालयात देऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा असतो, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. आता त्या पत्राची मुदत संपलेली. नवे पत्र, नमुना ३५, बोजा उतरवणे, यात दहा दिवस गेले. शिवाय नागपूरच्या रस्त्यावरचे एक ई-चलान निघाले, अतिवेगाचे. गुरुजींना फार लागले ते. "मी? आणि अतिवेग?" असे तीनदा म्हणून त्यांनी दंड भरला.

त्या दहा दिवसांत भाचा अस्वस्थ. "मामाजी, पैसे देऊन गाडी आणू, कागद मागून होत राहतील." असे नेहमीच होते, आणि इथेच दोघेही अडकतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने, दोघे एकाच राज्यातले असतील तर, चौदा दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. त्यासाठीचे नमुने २९ आणि ३०. पुष्कळजण सह्या करून कोरे नमुने दलालाच्या हाती देतात आणि विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिलेल्या एका प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेली होती, नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते. २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालयाने म्हटले, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गुरुजींना मी हे सांगितले, तेव्हा कागद पुरे झाल्याशिवाय किल्ली न देण्याचा आग्रह माझ्यापेक्षा त्यांचाच वाढला. विमाही भाच्याच्या नावे करून घेतला. दावा न केल्याची सवलत गुरुजींची होती, ती गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे हप्ता थोडा वाढला.

मेच्या शेवटी गाडी नाचणगावला आली. बाईने चाकाखाली लिंबू ठेवले. अकरलॉफची गोष्ट मी तिला सांगितली नाही. क्लच मिस्त्रींनी आदल्याच दिवशी बदलला होता. भाऊजी दार धरून, कोणाच्या मदतीशिवाय आत बसले, पुन्हा उतरले आणि पुन्हा बसले. मग म्हणाले, "जमते."

पहिल्या मंगळवारी मी वर्ध्याला घरी फोनजवळ बसून होतो. सव्वाचारला ते सेवाग्रामहून निघाले असतील, सव्वापाचला पोचले असतील, असे घड्याळाकडे पाहत मनाशी म्हणत होतो. सहा वाजले. सात वाजले. शेवटी मीच फोन केला.

"का रे भाऊ? काय झालं?" बाईने विचारले.

"काही नाही. गाडी कशी चालली?"

"गाडी? चालली की. हे तर येतानी झोपले होते." आणि ती वांग्याच्या भाजीकडे वळली, कारण कढईत काहीतरी करपत होते.